स्वजन कोण?

गीतेचा उपदेश आत्म्याविषयी असला, तरी तिचा आरंभ नात्यापासून होतो, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्यांच्याही पुष्कळदा ध्यानात राहत नाही. दोन्ही सेनांच्या मध्ये रथ उभा राहिल्यावर अर्जुनाला समोर शत्रू दिसले नाहीत. त्याला चुलते, आजे, मामा, भाऊ, पुत्र, नातू, सासरे आणि मित्र दिसले. त्या महावीराचे अंग गळून गेले ते भयाने नव्हे, तर हे माझे स्वजन आहेत या एका विचाराने. पुढील सर्व उपदेश या विषादातून जन्मास आला. तेव्हा 'स्वजन कोण आणि स्वजनाशी कसे वागावे' हा प्रश्न गीतेच्या बाहेरचा नाही. तो तिच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

आधुनिक शास्त्राने हाच शब्द आज आपल्यापुढे पुन्हा ठेवला आहे, आणि त्याची व्याप्ती आता कुरुकुळापुरती उरलेली नाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण पाठशाळेत झाले, उपजीविका भाषांतराची. काही वर्षांपूर्वी आनुवंशिकतेवरील एका शास्त्रीय पुस्तकाचे मराठीकरण करण्याचे काम हाती आले. त्यात वानर, गाय, माशी आणि यीस्ट यांच्याविषयी लिहिताना ग्रंथकाराने पदोपदी 'आपले नातलग' असा शब्द योजला होता. प्रथम वाटले की हा अलंकार असावा आणि 'सदृश प्राणी' असे भाषांतर करून पुढे जावे. परंतु पुस्तक वाचता वाचता कळून आले की हा अलंकार नव्हे; ग्रंथकाराला अभिधेय अर्थच अभिप्रेत आहे. आणि त्याच क्षणी माझ्या आजोबांचे एक वाक्य आठवले.

मी नऊ-दहा वर्षांचा असतानाची ही गोष्ट. आजोबा याज्ञिकी करीत. मधुमेह बळावला तेव्हा त्यांना रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. ते औषध कशापासून होते याची चौकशी त्या काळी घरात कोणी केली नव्हती. एके दिवशी कोणी पाहुण्याने बाटलीवरील अक्षरे वाचून दाखविली, आणि ते गोवंशीय प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले असल्याचे आजोबांना कळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी आमचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "गुरुजी, हे सोडलेत तर फार दिवस निघणार नाहीत. हवे तर डुकराचे मिळते, ते आपल्याला अधिक मानवते. कारण माणसाच्या इन्सुलिनशी त्याचा भेद एकाच कणाचा आहे, गाईच्या इन्सुलिनशी तीन कणांचा." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीनच कणांचा भेद असेल, तर तिला मी परकी कशी म्हणू?"

त्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी दिले नाही. ते देण्याचा अल्पसा प्रयत्न येथे करीत आहे.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. मोराव्हियातील ब्रुन, म्हणजे आजचे बर्नो, या नगरातील मठात ग्रेगोर मेंडेल नावाच्या साधूने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मातापित्यांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे संततीत मिसळून जात नाहीत. ते सुट्या, अखंड घटकांच्या रूपाने उतरतात, एखाद्या पिढीत झाकून राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतात, हे त्याने दाखविले. जगाने या निबंधाची खरी दखल १९०० मध्ये घेतली. त्या घटकांना आपण आज जनुके म्हणतो. ती ज्या द्रव्याची बनलेली असतात ते डीएनए होय, हे १९४४ मध्ये ॲव्हरी व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९५३ मध्ये त्या द्रव्याची दुपेडी रचना उलगडली.

या द्रव्यात केवळ चार अक्षरे आहेत. तीन-तीन अक्षरांचे एकेक पद होते. अशी चौसष्ट पदे संभवतात, आणि त्यांपैकी एकसष्ट पदे वीस अमिनो आम्लांची नावे सांगतात, तर उरलेली तीन विरामचिन्हांचे काम करतात. या पदांचा अर्थ लावणाऱ्यांत अविभाजित भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना अग्रणी होते. १९६८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. परंतु खरे आश्चर्य पुढे आहे. अगदी थोडे किरकोळ अपवाद सोडले, तर ही लिपी सर्व सजीवांत एकच आहे. जे पद मानवाच्या पेशीत ज्या आम्लाचे वाचक आहे, तेच पद पिंपळाच्या पानात, कावळ्यात आणि जीवाणूतही त्याच आम्लाचे वाचक आहे. मानवी इन्सुलिनचे जनुक जीवाणूच्या पेशीत घातले की तो क्षुद्र जीव ते बिनचूक वाचतो आणि मानवी इन्सुलिन तयार करतो. १९८२ पासून असे इन्सुलिन औषध म्हणून वापरात आले, आणि आज कोट्यवधी रोगी त्यावर जगतात. आजोबांच्या हयातीत मात्र ते आमच्या गावी पोहोचले नव्हते.

कोणी म्हणेल की लिपी एक असल्याने नाते सिद्ध होत नाही. एकाच शिल्पकाराने एकाच मापाने अनेक मूर्ती घडविल्या असतील. ही शंका रास्त आहे. तिचे समाधान मला ज्या उदाहरणाने झाले, ते पाठशाळेत शिकलेल्यांना विशेष पटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. देशभरातून निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो पोथ्या जमवून त्यांचा परस्परसंबंध ठरविण्यात आला. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे कसे कळते? शुद्ध पाठ समान असल्याने ते कळत नाही. शुद्ध पाठ तर सर्वांतच असावयाचा. ते कळते समान प्रमादांवरून. दोन दूरच्या गावांतील पोथ्यांत एकाच ठिकाणी तोच श्लोकार्ध गळलेला असेल, तेच अक्षर तसेच चुकलेले असेल, तर दोन्ही लेखकांसमोर एकच सदोष मूळ प्रत होती असे अनुमान कोणीही नैयायिक करील.

अगदी असाच प्रमाद आपल्या शरीरात आहे. गाय, कुत्रा, शेळी हे प्राणी क जीवनसत्त्व आपल्याच यकृतात तयार करतात. त्यांना त्यासाठी आवळा खावा लागत नाही. आपल्याला खावा लागतो, कारण ते बनविणाऱ्या क्रियेच्या शेवटच्या पायरीचे जनुक आपल्यात मोडलेले आहे. ते नाहीसे झालेले नाही. त्याचे अवशेष आपल्या प्रत्येक पेशीत पडून आहेत. वानरांतही ते मोडलेलेच आहे, आणि चिंपांझीमध्ये ते ज्या रीतीने मोडलेले आहे तिच्या खुणा आपल्या खुणांशी मिळतात. गिनी पिग या प्राण्यातही हे जनुक निकामी आहे; परंतु तेथील मोडतोड निराळी आहे, कारण तो प्रमाद स्वतंत्रपणे घडला. निर्दोष वस्तूंचे साम्य शिल्पकाराच्या एकत्वाने समजावता येईल. परंतु एकच निरुपयोगी प्रमाद दोन ठिकाणी सारखाच आढळावा, याला एका मूळ प्रतीवाचून सयुक्तिक कारण नाही. याच जातीचा आणखी एक पुरावा आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रे, आपल्यात शेहेचाळीस. आपले दुसरे गुणसूत्र पाहिले तर दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लावून जोडली गेल्याची खूण तेथे स्पष्ट दिसते. जणू दोन पोथ्या एकाच बासनात शिवल्या आहेत.

मानवाच्या जनुकसंचाचे वाचन २००३ मध्ये बहुतांशी आणि २०२२ मध्ये निःशेष पूर्ण झाले. त्यात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. चिंपांझीचा संच २००५ मध्ये वाचला गेला. जेथे दोन्ही पाठ ओळीशी ओळ लावून ताडता येतात, तेथे अक्षराअक्षराचा भेद शंभरात सुमारे सव्वा भरला; गळलेले आणि वाढलेले अंश धरले तर भेद याहून मोठा होतो. दूरच्या नातलगांचीही साक्ष आहे. डोळ्याच्या घडणीस चालना देणारे उंदराचे जनुक १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी माशीच्या शरीरात कार्यान्वित केले, तेव्हा तेथे डोळा उत्पन्न झाला. मात्र तो उंदराचा नव्हता, माशीचाच होता. पाव फुगविणाऱ्या यीस्टमधील चारशेहून अधिक अत्यावश्यक जनुकांच्या जागी मानवी जनुके घालून पाहिली असता, सुमारे निम्म्या ठिकाणी यीस्टचा संसार पूर्ववत चालला, असे २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. तात्पर्य, नाते आहे आणि ते शब्दशः आहे.

आता विचारवंताचे काम सुरू होते. कारण या एकाच गोष्टीवरून दोन विपरीत निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. पहिला म्हणतो, मनुष्य पशूच ठरला, मग पशूसारखे वागण्यात दोष तो कोणता? दुसरा म्हणतो, हे सर्व आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होते. पहिल्याला विचारावे की, पशूशी तुझे नाते कोणत्या वस्तूमुळे ठरले? शरीरामुळे. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि त्याच्या जाणत्याला क्षेत्रज्ञ. दोन शेतांची माती एक असली म्हणून दोन्हींत पीक सारखे आले पाहिजे असे नाही. माती कोणती हे शास्त्राने सांगितले; तीत काय पेरावे हे सांगणे त्याचे काम नाही. दुसऱ्याला अधिक प्रेमाने सांगावे लागते. ऋषींनी सांगितलेली एकता आत्म्याची आहे. ती सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकाने खोटीही ठरत नाही. जनुकांची एकता प्रकृतीची आहे. एकीच्या आधाराला दुसरी उभी केली, तर उद्या शास्त्रातील आकडा बदलताच श्रद्धाही डळमळेल. श्रद्धेला असल्या कुबड्यांची गरज नाही.

पण मग या ज्ञानाचा आपल्या आचरणाशी काहीच संबंध नाही काय? येथे आपल्याला पुन्हा अर्जुनाकडे गेले पाहिजे. नाते हेच कर्तव्याचे मूळ असते, तर अर्जुनाचा पहिला युक्तिवाद अखेरचा ठरला असता आणि भगवंतांना काही बोलण्याचे कारण उरले नसते. १९६४ मध्ये हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने नात्याचे गणित मांडले. अपत्याशी व सख्ख्या भावंडाशी आपले अर्धे नाते, पुतण्याशी चतुर्थांश, चुलतभावाशी अष्टमांश. आणि प्राणी आपल्या आप्तांसाठी झीज सोसतात ती या हिशेबाने कशी समजते, हे त्याने दाखविले. निसर्गातील पुष्कळ वर्तन यामुळे स्पष्ट झाले, यात शंका नाही. परंतु या मापाने दया वाटावयाची ठरविली, तर चिंपांझीला पसाभर, गाईला मूठभर आणि मुंगीला कणभर मिळेल. आणि शेजाऱ्याच्या पोरक्या मुलापेक्षा स्वतःचे उन्मत्त मूल नेहमीच श्रेष्ठ ठरेल. हे ममत्वाचे गणित आहे. धृतराष्ट्राला ते उत्तम येत होते.

उलट, महाभारतातील कुळाकडे बारकाईने पाहा. धृतराष्ट्र व पंडू हे व्यासांपासून झालेले, आणि व्यास शंतनूचे पुत्र नव्हेत. पांडव तर पंडूचेही औरस नव्हेत. ज्या कुरुकुळासाठी एवढा संहार झाला, त्या कुळातील शंतनूचा खरा औरस वंशज त्या रणांगणावर एकच होता, तो भीष्म. आणि त्याला संतती नव्हती. म्हणजे कुळ हे बीजाने चालले नाही. ते स्वीकाराने, संस्काराने आणि धर्माने चालले. आपल्या गोत्राचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शास्त्राचा हिशेबही हेच सांगतो. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला एक हजार चोवीस पूर्वजांची स्थाने आहेत, आणि त्यांपैकी एकेकाचा वाटा सरासरीने हजारांशाहूनही कमी. कोणत्याही दोन माणसांत, मग ती कोणत्याही प्रांताची वा जातीची असोत, अक्षरभेद हजारात सुमारे एक. गोत्र ही ऋषींच्या स्मरणाची आणि शिस्तीची परंपरा म्हणून शिरसावंद्य आहे. परंतु रक्ताच्या श्रेष्ठतेचा दाखला म्हणून ती पुढे करणाऱ्याला ना इतिहास साथ देतो, ना शास्त्र.

आणि कर्ण? तो कुंतीचा ज्येष्ठ पुत्र. अर्जुनाने विषादाच्या क्षणी ज्यांची गणना केली, त्यांत हा भाऊ नव्हता. कारण तो भाऊ असल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. युद्ध संपले, मृतांना जलांजली देण्याची वेळ आली, तेव्हा कुंतीने ते सांगितले, आणि विजयी युधिष्ठिर शोकाने खचून गेला. हे आधी कळते तर, हा त्याचा शोक होता. मला वाटते, आज आपली अवस्था युधिष्ठिरासारखी आहे. ज्यांना आपण परके म्हणून वागविले, ज्यांच्या वेदनेला वेदना मानले नाही, ते एकाच गर्भाशयाच्या परंपरेतले निघाले; आणि हे आपल्याला पुष्कळ संहारानंतर कळले. नात्याने कर्तव्य उत्पन्न होत नाही हे खरे; परंतु 'तो परका आहे' ही जी सबब कर्तव्य टाळण्यासाठी आपण पुढे करीत होतो, ती नात्याच्या ज्ञानाने नाहीशी होते. या ज्ञानाचे नैतिक मूल्य एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

समदृष्टीचा अर्थ सर्वांशी एकच व्यवहार असा नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मणापासून श्वानापर्यंत ज्यांची नावे घेतली आहेत, त्यांना एकच अन्न आणि एकच आसन द्यावे असे कोणीही भाष्यकार सांगत नाही. व्यवहार अधिकाराप्रमाणे भिन्न राहील; परंतु हिताची चिंता आणि पीडेची जाणीव यांत पंक्तिभेद होता कामा नये. ही दृष्टी रक्ताच्या हिशेबावर अवलंबून नाही, म्हणूनच ती मुंगीपर्यंत आणि अनोळखी मनुष्यापर्यंत सारखीच पोहोचते.

मग प्राण्यांपासून होणारी औषधे घ्यावीत की नाही? या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. आजोबांनी काय केले तेवढे सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई घेतली. घरात आजी होती, शिकणारी मुले होती, आणि शरीर टाकून देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे ते म्हणाले. कोणी समाधान करण्यासाठी म्हणाले, "अण्णा, आपद्धर्मात दोष नाही." त्यावर ते म्हणाले, "आपद्धर्मात सूट असते, पुण्य नसते. घेतले ते ऋण आहे. निदान ते नाकारू नये." पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ आमच्या घरी पूर्वीपासून होता, गोग्रास आणि काकबली रोज निघे. त्या दिवसापासून आजोबा तो स्वतःच्या हाताने देऊ लागले, आणि देताना हात जोडू लागले. दारातल्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या मुलाला ते एवढेच विचारीत, "तुझा कोण लागतो तो, ठाऊक आहे का?" आम्ही हसत असू. त्यांना ते उत्तर ठाऊक होते.

गृहस्थाला अरण्यात जावयाचे नाही. त्याला शेत नांगरावे लागते, धान्य कांडावे लागते, औषध घ्यावे लागते. अगदी निर्हिंसक जगणे त्याच्या हाती नाही. परंतु विनाकारण पीडा न देणे, जेथे दुसरा उपाय आहे तेथे तो शोधणे, आणि जेथे नाही तेथे घेतलेले ऋण ओळखून फेडीत राहणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. इन्सुलिनसाठी प्राण्यांचे प्राण घेण्याची गरज पुष्कळ अंशी संपली, ती अशा दुसऱ्या उपायाच्या शोधामुळेच. भाषांतरात मी अखेर 'नातलग' हाच शब्द ठेवला. वाचकांनी उद्या सकाळी पहिला घास बाजूला काढताना तो शब्द एकदा मनात आणावा, एवढीच प्रार्थना.